उन्हात भाजलेली माती

गुंड्या ठेवायचा पत्र्याचा डबा, आत एकही गुंडी नाही.

ताटात न मागता पडलेले लालबुंद टोमॅटो.

मिरीच्या रोपाचं मूळ, गाठीगाठींनी सुजलेलं.

नणंदेचा फोन: “वहिनी, तुझ्या रोपांनी माझी बाग गिळली.” खट्. बंद.

रोपवाटिका या वहिनीची, म्हणून दोषही तिच्याच पदरात. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी मातीतून पसरतात, हे तिला पाठ होतं. नणंदेच्या मेलेल्या मिरीवेलांच्या जागी ही नवी रोपं द्यायची होती. यंदा बिनसलं तर येणंजाणंच संपणार. म्हणून कृमी मरावेत यासाठी भर उन्हाळ्यात सगळी माती तिने प्लास्टिकखाली भाजून काढली होती. आणि तरी गाठी! तिने वाळूवाल्याला झापलं, पाण्याची टाकी खरवडली, कात्री उकळली. पुन्हा गाठी.

“आता सूर्यालाच नोटीस धाड,” नवरा म्हणाला. “नीट तापला नाही म्हणून.”

“तू गप्प बस. दात काढायला काय जातंय तुझं!”

तणतणत ती शेडनेटमध्ये शिरली. सासरे उकिडवे बसून रोपांच्या पिशव्यांना पाणी घालत होते. जन्म शिंपीकामात गेलेला; बोटं अजून टाका घालावा तशी चालायची. पाणी जिरलं की पत्र्याच्या डब्यातली मूठभर माती रोपाच्या बुडाशी. पुढची पिशवी. पुन्हा मूठभर.

“बाबा, हे काय चाललंय?”

“अगं, पाण्याने माती खाली बसते. तोकडी पिशवी द्यायची का गिऱ्हाइकाला? मी रोज काठोकाठ भरतो.”

“कुठली माती?”

“परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यातली. लोणी आहे नुसतं.”

ती मागच्या दारी धावली, टोमॅटोचं एक झाड खस्सकन उपटलं. मुळं कसली, गाठींचे घोस. वर फळं मात्र रसरशीत.

संताप डोक्यात गेला, पण काढायचा कुणावर? परत येऊन ती पिशव्या ओढून बाहेर फेकू लागली.

“सगळ्या?” सासऱ्यांनी विचारलं.

“सगळ्या! जाळायच्या आता.”

“एका शब्दाने सांगायचंस ना.”

“काय सांगायचं होतं, बाबा? माती घालू नका म्हणून? हे कुणाच्या डोक्यात येईल?”

ते डबा पोटाशी धरून उभे राहिले. “मग उद्यापासून मी काय करू?”

तिने आणखी एक पिशवी उचलली.

शिलाईचं दुकान बंद झालं त्या आठवड्यात, हात रिकामे राहू नयेत म्हणून, रोपांना पाणी घालायचं काम तिनेच त्यांना दिलं होतं.