रोझाचे बांगडे आणि साल्वादोरचं तिसरं बिल

आरोंद्याच्या खाडीकाठी साल्वादोरचं घर आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याच्या गच्चीवर सहा सोलर पॅनेल चढली आणि त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने, रोझाने, त्यांच्यावर खटला भरला. न्यायाधीश नुरुद्दीन मिस्त्री, साक्षीदार मी. मी खोटं बोलतो असं गावात म्हणतात. ते खरं आहे, पण या गोष्टीत खोटं घालायला मला फारशी जागा मिळाली नाही.

भांडण गच्चीचं होतं. तीस वर्षं त्या गच्चीवर पावसाळा सोडून बाकी सगळे महिने रोझाचे खारवलेले बांगडे वाळत पडलेले असायचे. शिरोड्याच्या बाजारात तिच्या सुक्या बांगड्यांसाठी बायका एकमेकींना कोपराने ढकलतात. साल्वादोर पंचवीस वर्षं बोटीवर आचारी होता. घरी परत आला तो फुकट विजेचं वेड डोक्यात घेऊन, आणि एका दिवसात गच्ची बळकावून बसला.

"माझे बांगडे आता खंय सुकत घालू?" रोझाने विचारलं. "तुझ्या टकलार?"

"तीन बिलां बघ गो. तिसरा बिल शून्य इला नाय, तर नुरुद्दीन ह्यो काचो काढून खाडीत टाकतलो."

"खाडीत कित्याक? परसात टाक. कोंबड्यांका छप्पर होयात."

नुरुद्दीन होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचा हातभर लांब पाना तो मशिदीच्या दाराबाहेर चपलांशेजारी ठेवतो आणि बाहेर आला की आधी पाना बघतो, मग चपला. त्याने पाना वर धरून सांगितलं, "माका दोघांचाय पटला. तिसऱ्या बिलाक मी येतंय."

पहिलं बिल आलं. पॅनेल नव्हती तेव्हा घरात महिन्याला एकशेऐंशी युनिट जळायची. पॅनेल लावल्यावर झाली चारशेवीस. साल्वादोरने बिल उजेडात वाचलं, सावलीत वाचलं, शेवटी माझा चष्मा लावून वाचलं. माझ्या चष्म्यातून तर ते आणखी मोठं दिसत होतं.

रोझा मासे साफ करता करता म्हणाली, "फुकटची वीज महाग आसा."

साल्वादोर इस्त्रीचा शर्ट घालून वीज कचेरीत गेला, बरोबर मी. तिथे गेल्यावर त्याची भाषासुद्धा इस्त्री केल्यासारखी झाली.

"साहेब, माझं बिल कमी व्हायला हवं होतं."

खिडकीपलीकडच्या साहेबाने कागद उलटासुलटा केला. "वापर वाढलाय तुमचा."

"वाढायला मी एकही दिवा जास्त लावलेला नाही. आणि माझी उरलेली वीज तुमच्याकडे जाते, ती धरून दोन्ही बाजूंनी मोजणारा तुमचा तो मीटर अजून बसवलेला नाही."

"तो शिल्लक नाही. तोवर जुना चालेल. पंखे जरा कमी लावा."

आम्ही परत आलो ते घामाने निथळत, आणि घरीही निथळतच राहिलो, कारण साल्वादोरने त्या दिवसापासून खरंच पंखे बंद केले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो गच्चीवर गेला आणि तिथेच खाली बसला. सहापैकी चार पॅनेलवर जाळ्याचे जुने तुकडे पसरलेले आणि त्यांवर बांगडे. तीनशे असतील. सगळ्यांची तोंडं सूर्याकडे, प्रार्थनेला बसल्यासारखी.

"गो रोझा, ही वीज करूची काच आसा."

"मगे करू दे ना. माझे बांगडे खंय तिचो हात धरतत? आणि दोन काचो सोडलंय तुका, पाहुणो म्हणान."

काच तव्यासारखी तापायची, कुत्रा तिथवर पोचायचा नाही, वारा चारी बाजूंनी. जे बांगडे वाळायला चार दिवस लागत ते दोन दिवसांत असे कडक झाले की नुरुद्दीनच्या मांजराचा एक दात त्यात अडकून राहिला. (दात मी पाहिला आहे. मांजर दाखवायला तयार होत नाही.)

दुसरं बिल आलं, अडीचशे युनिट.

रोझाने ते बिल देवघरातल्या मेणबत्तीशेजारी उभं केलं. "बघितलास? माझ्या बांगड्यांनी बिल उतरयला."

गावात ही बातमी मीच नेली, आणि जाता जाता तिला थोडं तेलपाणी केलं. आठवडाभरात पार आचरा गावापर्यंत बोभाटा झाला, की रोझाच्या बांगड्यांत करंट उतरतो, खाल्ला तर गुडघे धरत नाहीत. शिरोड्याच्या बाजारात किलोमागे पन्नास रुपये जास्त मिळाले. रोझाने त्यातला एक पैसा मला दिला नाही.

साल्वादोरची मात्र झोप उडाली. बिल शून्याकडे न्यायचं तर पॅनेल झाकायला हवीत, आणि झाकलेली पॅनेल गच्चीवर ठेवायची कशाला? दोन्हीकडून तोच हरत होता. त्याने कचेरीला एकामागोमाग तीन अर्ज लिहिले. तिसऱ्या अर्जाला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, तेही स्कूटरवरून. रश्मी मॅडम नावाची तरुण इंजिनिअर भरदुपारी अंगणात उतरली.

तिने गच्चीवर जाऊन वायरी बघितल्या, खाली येऊन मीटर बघितला, सगळं ठीक दिसतंय म्हणाली. साल्वादोरचा चेहरा पडला. तेव्हा मासे साफ करायच्या दगडावरून रोझा उठली. तो दगड पडवीत आहे आणि मीटर त्याच्या बरोबर डोक्यावर. दोन महिने ती त्या मीटरच्या लाल दिव्याखाली बसलेली होती.

"बाय, वायच हय उभी रव. घरातली सगळी बटणां बंद कर रे साल्वादोर. फ्रिजचोय पिन काढ." मग ती मॅडमला म्हणाली, "आता दिवो बघ."

घरात काहीही चालू नव्हतं. मीटरचा लाल दिवा मात्र टुकटुक, टुकटुक चालला होता.

"घरात वापर शून्य आहे, काकी. मग हा मोजतोय काय?" मॅडम पुढे सरकली.

"ताच बघ. मी वर झापां घालतंय. तू खालसून सांग."

रोझाने गच्चीवर जाऊन माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप एकेका पॅनेलवर टाकले. एक झाप पडला, दिवा सावकाश झाला. तिसरा पडला, दिवा पेंगू लागला. सहावा पडला आणि दिवा झोपला.

"झोपलो?" वरून हाक आली.

"झोपला, काकी." मॅडमने कपाळाला हात लावला. "हा जुना मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा आत आलेली म्हणून मोजतोय."

स्कूटर बघून मागोमाग आलेल्या नुरुद्दीनला लगेच समजलं. त्याच्या मुलीच्या लग्नात दारावर बसवलेल्या भाच्याने जेवायला येणारे मोजले आणि जेवून जाणारेही मोजले, आणि आचाऱ्याने दुप्पट बिर्याणीचे पैसे मागितले होते. साल्वादोर जितकी वीज विकत होता, तितकी विकत घेतल्याचं बिल त्याला येत होतं. रोझाच्या बांगड्यांनी बरीचशी विक्री बंद पाडली म्हणून बिल उतरलं होतं.

"म्हणजे माझ्या बांगड्यांनीच उतरला," रोझा खाली येत म्हणाली.

मॅडमने चार दिवसांत कुठूनतरी दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर पैदा करून लावला आणि आधीची दोन्ही बिलं दुरुस्त करून दिली.

तिसरं बिल आलं तेव्हा नुरुद्दीन पाना घेऊन पायरीवर बसलेला होता. साल्वादोरने मोठ्याने वाचलं, "वापर शून्य युनिट. वर शंभर युनिट शिल्लक, फुडल्या महिन्याक जमा."

रोझाने बिल हातात घेतलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्यां काय?"

"तो स्थिर आकार. एकशेतीस रुपये. तो सगळ्यांकाच येता, वीज वापरा नायतर वापरू नका."

"बिल शून्य म्हणालंस. युनिट शून्य म्हणाक नाय. साक्षीदार, काय म्हणालो साल्वादोर?"

मी साक्षीदार. दोघंही माझ्याकडे बघत होती आणि रोझाच्या हातात सुक्या बांगड्यांचं पुडकं होतं. मी खरं तेच सांगितलं, की तो बिल म्हणाला होता.

नुरुद्दीनने बराच वेळ दाढी खाजवली. "सगळ्यो काढलंय तर साल्वादोर मरतलो. एकय काढूक नाय तर मी मरतंय. एक काच काढतंय."

मॅडमला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, काढा, पण उरलेली पाच नीट जोडून द्यायला माझा माणूस येईल. सहावं तसंच झाकून ठेवलं तर ते बाकीच्यांचाही जोर ओढतं.

आता पाच पॅनेल वीज करतात आणि सहावं, वायरी कापलेलं, रोझाचे बांगडे वाळवतं. मार्च अखेरीला कचेरी उरलेल्या युनिटांचे पैसे देणार आहे. दर ऐकून रोझा हसली. तेवढे पैसे ती सहाव्या काचेवर आठवड्यात काढते. परवाच तिने साल्वादोरला विचारलं, "पाचवी काच कधी सोडतलंस?"

त्या रात्रीपासून नुरुद्दीनचा पाना सापडत नाही. तो मशिदीत शोधतोय, होडीत शोधतोय. पाना कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण गप्प बसायला साल्वादोरनेही माझ्याकडे एक पुडकं पाठवलं आहे, आणि बांगडे अर्धेच खाऊन झालेत.