इनोकेनं केलेलं कौतुक

सुवा शहरातल्या विद्यापीठात समुद्रजीवांची प्रयोगशाळा इनोके सांभाळायचा आणि अकानिसी त्याच्या हाताखाली हंगामी मदतनीस होती. दोघांची गावं एकमेकांची तौवू. म्हणजे तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे भेटलं की आधी अपमान करायचा, दुसऱ्याची वस्तू बिनदिक्कत उचलायची, आणि रागावला तो हरला. त्यामुळे इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एक वाक्य धड बोलले नव्हते.

वरच्या इमारतीत, संशोधन कचेरीत, कायमची जागा निघाली. अकानिसीनं अर्ज केला आणि चौकशीसाठी इनोकेचं नाव दिलं. हंगामी काम संपत आलं होतं. ही जागा हुकली की बोट पकडून बेटावर परत, आणि तिथे तिच्या शिक्षणाचा उपयोग नारळ मोजण्यापुरताच.

"नीट बोल हं, म्हाताऱ्या," तिनं बजावलं. "तुमच्या गावात कुणाच्याच जिभेला हाड नाही."

इनोकेनं ते फारच मनावर घेतलं. निवड समितीचा फोन आला तेव्हा त्यानं आधी शर्टाची बटणं लावली. मग मुलगी कशी कष्टाळू, प्रामाणिक, वेळेची पक्की, असं सगळं देवळातल्या आवाजात सांगितलं. ॲडलेडहून नुकत्याच आलेल्या अध्यक्षा प्रोसबाई एकदम खूश झाल्या.

खूश झाले नाहीत ते समितीतले वाकासाहेब. ते इथलेच. त्यांनी स्पीकरवरचा फोन जवळ ओढला.

"इनोके, तू तिचा तौवू ना?"

"हो, साहेब."

"मग असं गोड काय बोलतोस? पोरीनं काय केलंय? कुठली भानगड झाकतोयस?"

इनोकेला दरदरून घाम फुटला. नाही हो, खरंच गुणी आहे, असं तो जितकं सांगू लागला तितका वाकासाहेबांचा संशय बळावत गेला. करायला गेलो काय आणि झालं काय, असं होऊन शेवटी त्याचा बांध फुटला.

"गुणी कसली! तिच्या गावचे लोक गळाला लावायचं आमिष स्वतःच खातात. माझ्या डब्यातला कसावा रोज गिळते ती. माझी खुर्ची पळवली आणि वर मलाच म्हणाली, तुला बसायची अक्कल कुठाय!"

वाकासाहेब पोट धरून हसू लागले. आता कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. प्रोसबाईंचा मात्र चेहरा पडला असावा.

"खुर्ची खरंच चोरली?" त्यांनी विचारलं.

"चोरली, बाई."

"मग आम्ही तिला का घ्यावं?"

इनोकेनं शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"कारण मला ती इथून जायला नकोय," तो म्हणाला. "अशी माणसं कुणी सुखासुखी सोडत नाही. पण घ्या तिला."

वाकासाहेबांचं हसू थांबलं. प्रोसबाईंनी आभार मानून फोन ठेवला.

आठवड्यानं अकानिसी आली ती नेमणूक झाल्याचं सांगायला. काय सांगितलंस रे त्यांना, असं तिनं विचारलं. इनोके म्हणाला की तुझी सगळी लक्षणं सांगितली. ती हसली, मग दोन्ही हात जोडून बसली, डोळे खाली केले आणि थोरामोठ्यांशी बोलतात तसं म्हणाली, "तुमचे उपकार विसरणार नाही."

इनोकेनं तिचे जोडलेले हात सोडवले.

"असं नको," तो म्हणाला. "आधी चांगली सणसणीत शिवी घाल. मग जा."