मशीनमध्ये तात्यांची झोप

वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री घोरता का?"

मी म्हणालो, त्या वेळी मी झोपलेला असतो, त्यामुळे कल्पना नाही. ते हसले नाहीत. मग शेजारी कोण झोपतं, असं विचारलं. मी म्हणालो, उशी. तेही त्यांनी लिहून घेतलं.

मी को-पायलट आहे. जयपूरहून येताना, उतरायची तयारी चालू असताना, रेडिओवर आमचं विमान दोनदा पुकारलं गेलं. उत्तर द्यायचं काम माझं होतं. मी उघड्या डोळ्यांनी समोर बघत होतो. उत्तर शेवटी कॅप्टन मॅडमनी दिलं. खाली आल्यावर त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "कुलदीप, तू मघाशी इथे नव्हतास." मागे विमानभर माणसं होती आणि पुढे दोघं जागे आहेत असा त्यांचा समज होता. म्हणून मी स्वतःच डॉक्टरांकडे गेलो.

अंगभर वायरी लावून एक रात्र मला झोपवलं. निष्पन्न असं झालं की झोपेत माझा श्वास अडतो. दर वेळी मेंदू दचकून जागा होतो, श्वास चालू करून देतो आणि मला काही कळवत नाही. म्हणजे रात्रभर मी ड्यूटीवरच असतो, ओव्हरटाइम न लावता. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. उड्डाण बंद. महिनाभर नाकाला मास्क लावून झोपायचं. नळीतून हवा सोडणारं मशीन सगळी नोंद चिपवर ठेवणार. नोंद चांगली आली आणि दिवसा झोप येत नाही असं दिसलं, तर विमान परत मिळणार. मला दुसरं काही येत नाही, त्यामुळे ते परत मिळणं गरजेचं होतं.

रहाटणीत आमच्या वावरावर जी बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात तेराव्या मजल्यावर मी एकटा राहतो. आई-अप्पा थोरल्या भावाकडे चऱ्होलीला असतात. बाकीची भावकी याच बिल्डिंगमध्ये, बिल्डरने दिलेल्या फ्लॅटांत मजल्यामजल्यावर आहे. पूर्वी बांधावरून भांडणं व्हायची. आता बांधच नाही, त्यामुळे भेटायला कारण उरलेलं नाही. सकाळी मशीन पडद्यावर हिरवा हसरा चेहरा दाखवायचं. दिवसभरात माझ्याकडे बघून हसणारं तेवढंच.

एकदा मी मास्क लावून सेल्फी काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. कोणीतरी विचारेल असं वाटलं. कोणी विचारलं नाही. पण दादासाहेब, माझा चुलतभाऊ आणि भावी नगरसेवक, याने तो मास्क लढाऊ विमानातला समजून चौकात फ्लेक्स लावला. 'रहाटणीचा ढाण्या वाघ, फायटर पायलट मा. कुलदीपभाऊ.' मागे बॉम्ब टाकणारी विमानं. खाली शुभेच्छुकांची तोंडं, त्यात एक माझंच. जुना फोटो त्याच्याकडे पडून होता.

फ्लेक्स बघून दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरून तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते सोपानराव. "लढाईला चाललास व्हय रं?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मशीनला चारी बाजूंनी निरखलं.

"श्वास थांबतो ते तुला सांगतं कोण?"

"मशीन."

"शालन कोपर हाणायची. बरगडीत. म्या म्हणायचो, झोपू दे की बाई." त्यांनी मशीनची नळी चाचपली. "आता कोण हाणत न्हाई."

शालनकाकू गेल्या वर्षी वारली. मी चहा ठेवून बाहेर आलो, तर तात्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले होते. घोरणं चाकणच्या चढाला लागलेल्या ट्रेलरसारखं. मग ते एकदम बंद. छाती हलेना. हा आजार माझाच, पण मी तो कधी बघितला नव्हता. आता पांढऱ्या पायजम्यात समोर बसला होता. मी कोपर मारलं. तात्यांनी खर्रकन श्वास घेतला, "हं, शालन" म्हणाले आणि परत झोपले.

मी मास्क धुतला आणि त्यांना लावला. आमच्याकडे पूर्वी एक बुलेट, एक शिडी आणि एक इस्त्री चार घरांत फिरायची. मास्क त्यातला नसतो हे डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी उठून म्हणाले, लई दिसांनी झोपलो. दुसऱ्या दुपारी स्वतःची उशी घेऊन आले. मग रोजच. ते झोपायचे, मी शेजारी खुर्चीत बसून त्यांचा श्वास ऐकायचो. सुट्टीवरच्या फायटर पायलटला दुसरं काम नसतं.

महिना संपल्यावर डॉक्टरांनी चिप बघितली. "रात्री ठीक आहे. पण रोज दुपारी तीन-तीन तास झोप? दिवसा एवढी झोप येणाऱ्याला मी कॉकपिटमध्ये कसा पाठवू?"

मशीन बिघडलंय असं म्हणता आलं असतं. मला विमानात मागे बसलेली माणसं आठवली.

"ती झोप माझी नाही," मी म्हणालो. "तात्यांची आहे."

डॉक्टरांनी चिप टेबलावर ठेवली. मग सावकाश झापलं. मास्क दुसऱ्याला द्यायचा नसतो, हवेचा दाब माझ्या मापाचा आहे, आणि यातली कुठली रात्र कोणाची हे ते कशाच्या आधारावर सही करून सांगणार? पुन्हा पहिल्यापासून महिना. आणि तात्यांना आधी तपासणीला आणा.

तात्यांना त्यांचं मशीन मिळालं. काही दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले, चेहरा एकदम टवटवीत. "दुपारची झोपच येत न्हाई बघ आता," खुशीत म्हणाले. उशी न्यायला येतो, असंही म्हणाले. दुसरा मजला आला, ते उतरले.

पुढच्या महिन्याची चिप अगदी स्वच्छ आली. तिच्यात एकही दुपार नव्हती. सही करायच्या आधी डॉक्टरांनी पहिल्या तपासणीचा तोच कागद काढला आणि शेजारी कोण झोपतं ते परत विचारलं.

"उशा," मी म्हणालो. "आता दोन आहेत."