तामूच्या पाटीवरचे शेवटचे प्रकरण

मित्रांनो, माझ्यावर लिहिलेले सगळे गेले हे घरात कळले, त्या सकाळी मी अंगणातल्या भिंतीला टेकून उन्हात वाळत होते. आतून हम्मूचा आवाज आला, "पाटी कुठे आहे?" मग तो बाहेर आला. त्याने मला उचलले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. दोन्ही बाजूंनी मी कोरी होते. तो मला हातात धरून तसाच उभा राहिला.

मी अक्रोडाच्या लाकडाची एक म्हातारी पाटी आहे. तारुदान्त गावच्या एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले, वर धरायला मूठ ठेवली आणि कुराणशाळेत दिले. तिथे माझ्या अंगाला ओली पांढरी माती फासत. ती वाळली की फकीह, म्हणजे शाळेचे गुरुजी, बोरूने धडा घालून देत. शाई मेंढीची लोकर जाळून केलेली असे. धडा पाठ झाला की मला धुवायचे आणि नवा धडा घ्यायचा. पवित्र अक्षरांचे ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ देत नसत. ते अंजिराच्या मुळाशी ओतत. घरात कुणी आजारी असले, तर फकीह पाटीवर आयती, म्हणजे कुराणातली वचने, लिहीत आणि ते पाणी आजाऱ्याला पाजत. आमच्याकडे सगळ्या घरांत असेच करतात.

मी तामूच्या वाट्याला आले. शाळेत ती एकटीच मुलगी होती. चुकली की फकीह तिच्या तळपायावर जैतुनाची काठी मारत. न चुकली तरी एखादी मारत. "पुढच्या चुकीची," म्हणत. तिचा पहिला मोठा भाग पाठ झाला तेव्हा माझ्यावर लाल, हिरवी नक्षी काढली आणि तिने मला डोक्याशी धरून गल्लीतून मिरवले. बायकांनी आनंदाच्या आरोळ्या दिल्या. माझ्या आयुष्यातले कौतुक तेवढेच.

तामूचे हम्मूशी लग्न झाले. हम्मू घरांना चुना देणारा माणूस. मी त्यांच्या घरी पिठाच्या रांजणावरचे झाकण झाले. कितीतरी वर्षे मला कुणी पाटी म्हटले नाही. मग एके दिवशी हम्मू अंगणातल्या चुन्याच्या खड्ड्यावर फळी न घालता चहा प्यायला गेला. त्यांची तूदा चार वर्षांची होती. ती खेळता खेळता त्या खड्ड्यात पडली.

तामू रडली नाही. तूदाच्या दुखवट्याचे दिवस संपले तेव्हा तिने मला रांजणावरून उचलले, खरवडून साफ केले, माती फासली आणि लिहायला बसली.

ती आधी माझ्यावर लिहायची, मग मला धुवायची, आणि जेवढे आठवेल तेवढेच कागदावर उतरवायची. तशा तिच्या कादंबऱ्या झाल्या आणि रबात शहरात छापल्या गेल्या. त्या सगळ्या देवाशी भांडणाऱ्या बायकांच्या होत्या. लिहायची हौस असलेली मुले-मुली तिच्याकडे येऊ लागली. नुझा नावाची मुलगी तर सारखी यायची. ती तामूला मानाने लल्ला म्हणायची.

"लल्ला तामू, तुम्हाला सुचतं कुठून?" तिने एकदा विचारले.

हम्मू तिथेच चहा ओतत होता. तामू त्याच्याकडे बघत म्हणाली, "झाकायचा राहिलेला खड्डा असतो ना, तिथून."

किटलीची धार पेल्याबाहेर गेली. हम्मूने फडक्याने तबक पुसले आणि तो बाहेर गेला.

"आणि तुमच्या गोष्टीत देव कधीच उत्तर देत नाही, असं का?"

"मी विचारते तेव्हा तो कुठे देतो? तू लिहिताना त्याला बोलायला लावू नकोस. फुकटचा चांगुलपणा येतो त्याने."

नुझाने तिच्या मेलेल्या आईवर एक पान लिहून आणले होते. तामूने ते तिला माझ्यावर उतरवायला लावले आणि तिच्या देखत मला धुतले. "आता म्हणून दाखव."

नुझाला दोन ओळींच्या पुढे आठवेना. ती रडायला लागली.

"रडतेस काय? तुझ्याच लक्षात राहिलं नाही, ते लोकांनी कशाला लक्षात ठेवायचं? गेलं ते बरं झालं. उद्या परत ये."

हम्मूची थोरली बहीण इज्जा दारातून म्हणाली, "तुझ्या जिभेला फकीहची काठी लागायला हवी होती, तळपायाला नाही."

"लागली होती, लल्ला इज्जा. म्हणूनच इतकी सरळ आहे."

नुझा तरी येतच राहिली. पण त्या दिवसानंतर तामूने काहीही वाचायला दिले की ती लगेच मान हलवून "फार सुंदर आहे" म्हणायची.

तामूची शेवटची कादंबरी एका चुना देणाऱ्या माणसाची आणि त्याच्या बायकोची होती. त्यांची मुलगी खड्ड्यात पडून मेलेली असते. रोज संध्याकाळी हम्मू विचारायचा, "शेवटी ती त्याला माफ करते का गं?"

"शेवट आला की वाच. पाटीवरचं माझं. कागदावर आलं की तुझं."

हम्मू एकेक अक्षर जुळवत वाचणारा माणूस. पण त्या शेवटासाठी तो रोज संध्याकाळी जुन्या पानांवर बोट फिरवत वाचायचा सराव करू लागला.

तेवढ्यात तामूच्या छातीत पाणी झाले. ताप उतरेना. एका संध्याकाळी हम्मू फकीहना आणायला गेला, आयती लिहून घ्याव्यात म्हणून. तो गेल्यावर तामूने उशीला टेकून माझ्यावर शेवटचे प्रकरण लिहिले. हात थरथरत होता. दोन्ही बाजू भरल्या. नुझा जवळ बसली होती. तामूने मला तिच्यापुढे धरले. नुझाने माझ्यावरून नजर फिरवली आणि ती म्हणाली, "फार सुंदर आहे." मित्रांनो, स्वतःच्या अंगावरचे मला वाचता येत नाही. कुणी मोठ्याने वाचले तरच कळते.

फकीह दुसऱ्या गावी मयताला गेले होते. हम्मू एकटाच परतला. उशाशी मी भरलेली होते, तामू झोपली होती. त्याने दिवा माझ्याजवळ आणला. मग म्हणाला, "नको. तिचं आहे," आणि दिवा परत नेला.

पहाटे तो दूध आणायला गेला आणि इज्जा आली. तिला वाचता येत नाही. तिने उशाशी शाईने भरलेली पाटी पाहिली, आणि फकीह येऊन गेले असे तिला वाटले. तिने "बिस्मिल्ला" म्हणून मला मोठ्या वाडग्यात धुतले, एक थेंब खाली सांडू दिला नाही, मला अंगणात वाळत ठेवले आणि ते पाणी चमच्याचमच्याने तामूला पाजले. तापात तामू ते सगळे प्यायली.

हम्मू मला घेऊन आत आला तेव्हा ती जागी होती.

"पाटी कुणी धुतली?" तिने विचारले.

"मी!" इज्जा म्हणाली. "आणि वाडगाभर पाजलीही तुला. बघ, कपाळ थोडं गार लागतंय की नाही?"

"फकीह आलेच नव्हते, ताई," हम्मू म्हणाला.

"मग ती अक्षरं?"

"माझी होती," तामू म्हणाली, आणि हसली. हसता हसता खोकला आला. "चाळीस वर्षं लोकांचं पुसलं, पण असं गिळायला नाही लावलं कुणाला." तिने डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले. पहिलेच वाक्य येईना. "आठवत नाही. म्हणजे गेलं ते बरं झालं, तामू." हे ती स्वतःलाच म्हणाली.

इज्जा तोंडावर पदर घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

नुझा आली तेव्हा हम्मूने तिला दारातच धरले. "काल वाचलंस ना तू? काय होतं?"

"नाही आठवत, सीदी हम्मू." ती खाली बघत राहिली.

मग हम्मू तामूच्या पायाशी बसला. "शब्द नकोत मला. एवढंच सांग, ती त्याला माफ करते की नाही?"

तामू म्हणाली, "लिहिता लिहिता काय ते ठरलं होतं. आता तुझं तोंड बघून सांगितलं तर ती दया होईल. तुला दया हवीय?"

"चालेल," हम्मू म्हणाला.

"मला नाही चालणार. माती फास. पुन्हा लिहिते, मग कळेल दोघांनाही."

त्याने माझ्या अंगाला माती फासली. चुना देणारा हात तो, थर अगदी सारखा बसला. तामूने बोरू उचलला. थोडे लिहिले, थांबली, मला छातीवर ठेवून पडून राहिली. दुपारी माझ्याखालची छाती हलायची थांबली.

दफनानंतर नुझा रव्याचे कुसकुस शिजवून घेऊन आली. हम्मूने पुन्हा विचारले. या वेळी ती रडली. "मी वाचलंच नव्हतं. अक्षरं इतकी वेडीवाकडी होती की लागत नव्हती. अडखळले असते तर त्या बोलल्या असत्या. म्हणून सुंदर आहे म्हटलं."

इज्जा म्हणाली, "मला तरी वाचता येत नाही, बाई. तुला येतं ना?"

हम्मूने नुझाला चहा दिला.

मित्रांनो, भरलेली पाटी दिसली तर धुण्याआधी विचारा, कुणाची आहे आणि काय लिहिले आहे. वाचले नसेल तर वाचले म्हणू नका. आणि घरच्या माणसाला जे सांगायचे आहे ते तोंडाने सांगून टाका. पाटी भरेपर्यंत थांबू नका.

हम्मूने मला भिंतीवर उंच टांगले आहे. इज्जाचा हात पोचत नाही. रोज चुन्याचे हात धुऊन तो माझ्यासमोर उभा राहतो आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने वाचतो. म्हणून मला ते माहीत आहे. माझ्यावर दीड ओळ आहे, ती अशी: बाई अंगणातून आत आली. नवरा बसला होता, त्याच्यासमोर ती बसली आणि म्हणाली.

त्यापुढचे लिहायचे राहिले आहे.