नोईचा होकार

नवऱ्याच्या तोंडून ‘थाई लॉजिक’ हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. लग्नाआधी शिरीष तीन वर्षं बँकॉकला प्रोजेक्टवर होता. तिथून त्यानं एक लाकडी हत्ती आणि शंभरएक किस्से आणले. हत्तीचा कान तुटला, किस्से मात्र अजून ठणठणीत आहेत. टॅक्सीवाल्याला पत्ता माहीत आहे का विचारलं, तो ‘हो’ म्हणाला आणि भलतीकडेच फिरवत राहिला. प्लंबर गोड हसून ‘उद्या’ म्हणाला आणि उगवलाच नाही. प्रत्येक किश्शाच्या शेवटी शिरीष दोन्ही हात पसरून म्हणतो, “थाई लॉजिक!”

आता आम्ही जर्मनीत राहतो. इथे हायडेलबर्गला अधूनमधून परदेशी लोकांचा अड्डा जमतो. तिथे थायलंडमध्ये राहून आलेले दोनतीन जर्मनही असतात, मग काय, चढाओढच लागते. थाई लोकांना ‘नाही’ म्हणताच येत नाही, चूक झाली की हसतात, वगैरे वगैरे. बाकीचे ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करत माना डोलावतात. मी एकदा घरी येताना म्हटलं, “अरे, आपला कोथरूडचा प्लंबर काय वेगळा होता? ‘निघालोच मॅडम’ म्हणायचा तेव्हा अंथरुणातून तरी उठलेला असायचा का?” शिरीष म्हणाला, “ते वेगळं गं.” काय वेगळं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मला राग येतो त्याला कारण आहे. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण थाई आहे. नोई. मी या वाल्डॉर्फ गावात राहायला आले तेव्हा जर्मनच्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. डेर-डी-डास या जर्मन लिंगांच्या नावानं आम्ही दोघींनी मिळून बोटं मोडली. तिचा जर्मन नवरा ट्रक चालवतो, आठवडा आठवडा बाहेर असतो. नोईला स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं, आउसबिल्डुंग. आमची उर्जा ज्या बालवाडीत जाते, त्या किटाच्या स्वयंपाकघरात तिला नोकरी लागली, तीही प्रोबेत्साइटवर, म्हणजे कच्ची. उन्हाळ्यानंतर पक्की होणार होती आणि मग शिक्षणाचा खर्च किटाच करणार होती. नोई सुट्टीच्या दिवशीसुद्धा भाज्यांची जर्मन नावं पाठ करत बसायची. मुलं तिच्या हातचं बोटं चाटून खायची. उर्जा घरी येऊन माझ्या वरणाला नाकं मुरडायला लागली, तरी मी काही बोलले नाही, म्हणजे बघा.

आणि मग ती समर पार्टी झाली.

नोईनं भाज्यांचे रोल तळले होते. योनास नावाचा एक मुलगा आहे, त्याला शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी. त्याची आई काट्रिन पर्समध्ये इंजेक्शन घेऊनच फिरते. खेळता खेळता योनासच्या अंगावर लालभडक चट्टे उठले, ओठ सुजले. काट्रिननं इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत पोरगं बरं झालं, देवाची कृपा. पण ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली न पडली तोच किटाच्या प्रमुख, फ्राऊ विगांड, अंगणातच सगळ्या पोरांसमोर नोईवर ओरडल्या, “या रोलमध्ये शेंगदाणे नाहीयेत?”

“या,” नोई म्हणाली.

“या?”

“या, या,” नोई म्हणाली आणि हसली.

जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’. आमच्या सासूबाई इथे आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, “हे लोक उठसूट या, या म्हणतात, पण घरी कुणी बोलवत नाही!” तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. या वेळी त्याच ‘या’नं नोईचा घात केला. शेंगदाणे घातले म्हणून कबूल केलंन्, वर हसतेय! दुसऱ्या दिवशी नोईनं सांगितलं, शेंगदाणे नव्हतेच. झालं. काल हो, आज नाही, म्हणजे खोटारडी. फ्राऊ विगांडनी तिला घरी बसवलं. गुरुवारी पालक समितीची बैठक होती, तिथे निकाल लागणार होता.

मी तडक नोईकडे गेले. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसती बसून होती. गॅस बंद. नोईच्या घरात गॅस बंद मी पहिल्यांदाच पाहिला.

“नक्की काय झालं?” मी विचारलं.

“त्यांनी विचारलं, नाहीयेत? मी म्हटलं, हो,” ती म्हणाली.

“मग बरोबरच आहे की!” मी म्हटलं.

मला खरंच त्यात काही चुकलेलं दिसेना. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हणाली, नोकरी गेली तर गेली, पण या एवढ्याशा गावात पुन्हा कुणी तिच्या हातचं खाईल का? मी तिला सांगितलं, “तू गुरुवारी येणार आहेस. मीही येणार आहे. कशी काढतात तेच बघते.”

घरी आले तर शिरीष खुशीत. फ्राऊ विगांडनी त्याला बैठकीला बोलावलं होतं, थायलंडचा जाणकार म्हणून! पालकांना जरा ‘पार्श्वभूमी’ समजावून सांगायला.

“तू काय सांगणार आहेस?” मी विचारलं.

“अगं, मी तिचीच बाजू घेणार. सांगणार की हा तिचा दोष नाही, कल्चर आहे. समोरचा रागावला की ते घाबरून हो म्हणतात, मग शब्द फिरवतात, आणि सगळं झाकायला हसतात.”

“वा! म्हणजे ती खोटं बोलली हे तूच सांगणार, फक्त कारणासकट!”

“तू ना, उगाच चिडतेस.”

उगाच? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण भांडून उपयोग नव्हता, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मी भांडी आपटत चहा टाकला. ओतता ओतता त्याला विचारलं, “साखर नको ना?”

“हो,” शिरीष लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

मी बिनसाखरेचा कप त्याच्यापुढे ठेवला. टेबलाशी चित्र रंगवत बसलेली उर्जा जर्मनमध्ये किंचाळली, “ममा, पपा हो म्हणाला! साखर का नाही घातलीस?”

“अगं, हो म्हणजे नको,” मी म्हटलं.

“हो म्हणजे नको?” तिनं आमच्या दोघांकडे असं बघितलं, जणू आई-बाप एकाच वेळी खुळावलेत. मग बोट नाचवत मला शिकवलं, “नको असेल तर नाइन म्हणायचं. हवी असेल तर डॉख म्हणायचं. नुसतं या म्हटलं तर काय समजायचं?”

मी होते तिथेच उभी राहिले. हातात गाळणं, त्यातून ओट्यावर चहा गळतोय. अरे देवा! एवढंच होतं ते! ‘नाहीयेत?’ ‘हो, नाहीयेत.’ आपण जन्मभर असंच बोलतो. नोईकडेही तसंच बोलतात. म्हणून तर मला तिच्या घरी बसून चूक सापडली नव्हती. आम्ही समोरच्याच्या म्हणण्याला हो म्हणतो, की बाई, तू म्हणतेस ते बरोबर. जर्मन माणूस शेंगदाण्यांना हो किंवा नाही म्हणतो.

शिरीषनं चहाचा घोट घेतला. त्याच्या काही लक्षातही आलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो सावध झाला असता, आणि मला तो गुरुवारी अस्साच हवा होता.

बैठक मुलांच्याच खोलीत होती. मोठमोठी माणसं वीतभर खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली. एरवी मला हसू आवरलं नसतं. नोई दाराजवळ बसली होती, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मांडीवर. काट्रिन थकलेली दिसत होती. ती प्रामाणिकपणे म्हणाली, “शेंगदाणेच होते असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. त्यानं स्ट्रॉबेरीही भरपूर खाल्ल्या होत्या. पण यांनी स्वतःच कबूल केलं ना? माझं मूल आहे हो. हे यांच्या हातात मी पुन्हा कसं देऊ?”

मी तिच्या जागी असते तर खिडक्या फोडल्या असत्या.

मग आमचे जाणकार उठले. शिरीषचं ऑफिस इंग्रजीत चालतं, जर्मन त्याचं बेकरीपुरतं, तेव्हा सगळा मिसळीचा कारभार. टॅक्सीवाला झाला. प्लंबर झाला. लोक माना डोलवायला लागले. नोई खाली बघत होती. आता हा हसण्यावर येणार हे मला पाठ होतं. मी हात वर केला.

“आल्झो, तर मला माझ्या नवऱ्याला एक प्रश्न विचारायचाय.” आणि साध्या, सोप्या जर्मनमध्ये विचारलं, “शिरीष, तीन वर्षांत तू थाई भाषा शिकला नाहीस?”

“या,” शिरीष ताबडतोब म्हणाला.

फ्राऊ विगांडचा चेहरा उजळला. “अरे वा, तुम्हाला थाई येतं! मग तिच्याशी थाईतच बोला ना!”

“नाइन, नाइन,” शिरीष गडबडला. “मला थाई येत नाही.”

“पण आत्ता तर तुम्ही हो म्हणालात.”

“या. म्हणजे... हो. नाही शिकलो.”

शिरीषनं माझ्याकडे बघितलं आणि त्याचे कान लाल व्हायला लागले. त्याला कळलं.

“माझा नवरा आत्ता खोटं बोलला का?” मी विचारलं. “तो घाबरला होता का? शब्द फिरवला त्यानं? नाही ना! आमच्या मराठीत असंच बोलतात. मी म्हटलं, शिकला नाहीस, तो म्हणाला, हो, बरोबर. आणि तुम्ही नोईला म्हणालात, शेंगदाणे नाहीयेत. ती म्हणाली, हो, बरोबर. तिनं पहिल्या दिवसापासून एकच उत्तर दिलंय. यात थाई लॉजिकबिजिक काही नाही. आणि असलंच, तर ते आमच्या घरातही आहे.”

माझा आवाज चढला होता. शिरीष मध्येच म्हणाला, “ती म्हणतेय ते खरंय. मी... मी असंच बोललो.” तेवढ्यापुरता मला तो फार आवडला.

फ्राऊ विगांड नोईकडे वळल्या. या वेळी त्यांनी एकेक शब्द जपून टाकला. “रोलमध्ये शेंगदाणे होते?”

“नाइन,” नोई म्हणाली. ताठ बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मग तुम्ही हसलात का?”

नोईला शब्द जुळवायला वेळ लागला. “तुम्ही मुलांसमोर ओरडत होता. तुम्ही मोठ्या, प्रमुख. तुमचीच शोभा होत होती. मला कसंतरी वाटलं. मी हसले, की तुम्ही शांत व्हाल. तुमच्यासाठी हसले.”

फ्राऊ विगांडनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “मला माफ करा. सोमवारी या कामावर.”

मला वाटलं, सुटलो. पण नोई उठेना.

“येते,” ती म्हणाली. “पण आधी मुलांना सांगा. ओरडलात मुलांसमोर. परवा दुकानात मुलं मला बघून कुजबुजली, नोई लबाड. नुसतं पालकांना सांगून मला चालणार नाही. मुलांना सांगा.”

हीच का ती बाई, जिला म्हणे ‘नाही’ म्हणता येत नाही! मी जागच्या जागी टाळ्या वाजवायची राहिले होते. फ्राऊ विगांड म्हणाल्या, “सांगते.”

परत येताना शिरीष म्हणाला, “मला चांगलाच बकरा केलास. आधी सांगितलं नाहीस?”

“हो,” मी म्हटलं.

सोमवारी मी उर्जाला सोडायला गेले ती तिथेच थांबले. काट्रिनही योनासचा हात धरून दारात थांबली होती. मुलं गोल करून बसली होती. फ्राऊ विगांड त्यांच्यात जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “नोई खरं बोलली होती. मी नीट ऐकलं नाही आणि तिच्यावर ओरडले. चूक माझी होती.” मुलांनी ऐकून घेतलं. पोरंच ती, त्यांना पुढच्या खेळाची घाई.

योनासनं मात्र आईच्या हातातून हात सोडवला आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी पळाला. “नोई, आज काय आहे?”

नोई ओल्या हातांनीच बाहेर आली. त्याला काही न सांगता तिनं काट्रिनकडे बघितलं. काट्रिनचा हात पर्सवर घट्ट आवळलेला मला दिसत होता.

“जा,” ती योनासला म्हणाली, “आत जाऊन बघ.”