आत्याचा लाडका लामा

अरे, ऐका ना! आमच्या लोर्नाआत्यानं वॅफल्स नावाचा नर लामा, म्हणजे उंटाचा तो लोकरवाला भाऊबंद, स्वयंपाकघरात बाटलीनं दूध पाजून वाढवला. असा नर मोठा झाला की माणसालाच दुसरा नर समजून अंगावर धावतो, हे लामा पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं! तरी आत्यानं त्याला विकायची जाहिरात दिली, 'अतिशय प्रेमळ.' थोरसन नावाचे एक आजोबा विकत न्यायला आले, तर वॅफल्सनं लाडानं त्यांच्या खांद्यावर मानच टेकवली.

मी कुजबुजले, "आत्या, सांग ना त्यांना!"

"तोंड आवर गं! मला दोनदा आडवं पाडलंय त्यानं, पण माझ्या हातानं त्याला मारवत नाही."

आठवड्यानं त्यांच्या मुलीचा फोन. "बाबांच्या फासळ्या मोडल्या, याला परत न्या!"

"विकलेलं जनावर मी परत घेत नाही."

मग त्या मुलीनंच वॅफल्सला गोळी घातली. आत्या म्हणते, "बघ, माझ्या हातून नाही ना मेला!"