गौराबाईंचे पासवर्ड

साजगावच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली आणि समिधाने डबा उघडायच्या आधी फोन बघितला. हर्षलाचे मिस्ड कॉल एकाखाली एक लागलेले. नणंद कर्जतला असते, तिचं स्वतःचं घरकाम, दुकान. भरदुपारी ती उगीच फोन करणारी नाही. काहीतरी झालं असणार म्हणून समिधाने झाकण तसंच ठेवून उलट फोन लावला.

"वहिनी, आईच्या फोनचे पासवर्ड तू बदललेस का?" हर्षलाने एकदम विचारलं.

"मी? कशाला बदलू?"

"ती रडत होती गं. म्हणते, मी काही उघडायला गेले की चुकीचा पासवर्ड येतो. पेन्शनचं उघडत नाही, लाइट बिलाचं उघडत नाही. घरात माणसं किती? दादा रसायनीला, त्याची सदा शिफ्ट. मग राहिलं कोण?"

समिधाने डोळे मिटले. सकाळपासून उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. "घरी गेल्यावर बघते," एवढंच ती म्हणाली. हर्षला म्हणाली, "बघ बाई. आईला कोणी अडाणी समजू नये एवढंच माझं म्हणणं."

ते 'कोणी' कुणाला होतं हे समिधाला कळलं. तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि परत झाकला.

गौराबाईंना अडाणी समजायची हिंमत गावात कुणाचीच नव्हती. सबंध नोकरी त्यांनी आरोग्यसेविका म्हणून काढलेली. लशींचा डबा खांद्याला लावून त्या ठाकुरवाडीच्या बाजूच्या वाड्यापाड्यांवर चालत जायच्या; अजूनही खोपोलीच्या बाजारात एखादा बाप्या थांबून पाया पडतो आणि म्हणतो, सिस्टरबाई, मला तुमीच टोचलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्मार्टफोन घेतला आणि कुणाला न विचारता शिकून घेतला. समिधाच्या नवऱ्याचे, किरणचे, वडील गेल्यावर घरचं लाइट बिल, गॅसचं बुकिंग, स्वतःच्या पेन्शनची कामं, सगळं त्या फोनवर करायच्या. शेजारच्या बाया सिलिंडर नोंदवायला त्यांच्याकडे यायच्या. समिधा लग्न होऊन आली तेव्हा साधा रिचार्ज कसा करायचा ते तिला सासूनेच दाखवलं होतं.

अलीकडे मात्र काहीतरी बिनसलं होतं. गौराबाई चहात दोनदा साखर घालायच्या. बोलताना एखाद्या नावापाशी अडायच्या आणि मग रागावायच्या. समिधाला ते दिसत होतं, पण कामावरून येऊन स्वयंपाक, धुणं, दुसऱ्या दिवशीचे डबे यात दिसलेलं मनात धरून बसायला सवड कुठे होती? वय झालं, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागायची.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गौराबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोरच्या खाचरात भाताची कापणी उरकली होती, पेंढ्याचा वास येत होता. फोन त्यांनी पदराखाली धरला होता.

"आई, बघू फोन. काय अडलंय?"

"काय नाय अडलं. तुला ठाऊक हाय काय अडलं ते."

"मला नाही ठाऊक."

"माझा पासवर्ड फोनात लिवलेला हाय. मी तोच घालते. तो म्हणतो चुकीचा. मग मधल्यामधी कोणी बदलला? फोन आपल्याआपण बदलतो काय गं?"

समिधाला बोलायचं खूप होतं. दिवसभर मी कारखान्यात असते, तुमचा फोन तुमच्या उशाशी, मी कधी हात लावला? पण जिभेवर आलेलं सगळं ती तशीच घेऊन आत गेली. वालाच्या बिरड्याला फोडणी दिली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. गौराबाई जेवल्या, पण तिच्याशी बोलल्या नाहीत. किरण शिफ्टवरून आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "रविवारी हर्षलाला बोलावतो. सगळे बसून बघू."

"म्हणजे तुम्हालाही वाटतं मी बदलला?"

"तसं म्हणालो का मी?" असं म्हणून तो आंघोळीला गेला.

रविवारी हर्षला आली, पण किरणला ओव्हरटाइमला जावं लागलं. येताना ती आईसाठी चिकू घेऊन आली होती. चहा झाला आणि ती आईला खेटून बसली. "काढ आई फोन. वहिनी, उघड तू. आम्हाला दाखव."

आम्हाला, हा शब्द समिधाला लागला. तिने पदराला हात पुसले आणि सासूसमोर खाली बसली. "आई, सेव्ह केलेले पासवर्ड फोनात एका जागी असतात. सेटिंगमधून तिथे जाता येतं. पण ते बघायला तुमचं बोट लागेल."

गौराबाईंनी बोट ठेवलं. फोनने ओळखलं नाही. त्यांनी ते लुगड्याला पुसून परत ठेवलं. नाही. आयुष्यभर स्पिरिटने धुतलेली आणि आता सुरकुतलेली बोटं. फोन काही केल्या ऐकेना. शेवटी त्याने पॅटर्न मागितला.

"पॅटर्न काय आहे आई?" हर्षलाने विचारलं.

गौराबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी फोन हातात घेतला, दुसरीकडे बघितलं, आणि बोट आपोआप ठिपक्यांवरून फिरलं. उघडला. "सांगता नाय येत," त्या पुटपुटल्या, "पर हाताला येतंय."

पासवर्डांची यादी उघडली आणि समिधा वाचायला लागली. पहिल्यांदा तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. पेन्शनच्या साइटचं नाव एकदा नव्हतं, पुन्हा पुन्हा होतं. लाइट बिलाचंही तसंच. प्रत्येक ठिकाणी वापरणाऱ्याचं नाव निराळं. कुठे गौराबाई, कुठे एक अक्षर गाळून, कुठे तेच अक्षर दोनदा. एका ठिकाणी नावाच्या जागी नुसता फोन नंबर, तोही अर्धा. तिने डोळ्याच्या खुणेवर दाबून एकेक पासवर्ड बघितला. जुने नीट होते, वाडीचं नाव आणि पुढे आकडे. नंतरचे मोडत गेले होते. अगदी खालच्यात तर नुसती अक्षरं होती, हाताखाली येतील तशी दाबलेली.

मग तिने मेसेज उघडले. पासवर्ड बदलण्यासाठी ओटीपी. पासवर्ड बदलला आहे. पुन्हा ओटीपी. पुन्हा बदलला आहे. सगळे कामाच्या दिवशीचे, ती साजगावला मशीनपुढे उभी असतानाचे. काय झालं होतं ते तिला लख्ख कळलं. गौराबाई विसरायच्या, 'पासवर्ड विसरलात?' वर दाबून नवा टाकायच्या. नवा लक्षात ठेवू का म्हणून फोन विचारायचा, तेव्हा कधी चुकलेल्या नावानेच 'हो' म्हणायच्या, कधी घाबरून 'नको'. फोनात जुना नाहीतर भलताच राहायचा आणि पुढच्या वेळी तो चुकायचा. बदलणाऱ्या त्याच होत्या, आणि बदलल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"काय दिसतंय?" हर्षला पुढे वाकली.

समिधाने वर बघितलं. हातातला फोन नुसता हर्षलाकडे वळवायचा होता, की तिच्यावरचा आळ तिथल्या तिथे गेला असता. इतक्या दिवसांचा तो अबोला, फोनवरचा तो सूर, सगळं फिटलं असतं. पण गौराबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसलेलं माणूस बघतं, तसं त्या बघत होत्या.

"जुनंनवं एकत्र झालंय," समिधा म्हणाली. "फोनचाच घोळ आहे. साफ करावं लागेल."

"म्हणजे कोणी बदललं नाही?"

"घोळ आहे म्हटलं ना हर्षला."

हर्षलाचं समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावरच होतं. जेवून निघताना पायरीवर थांबून ती आईला म्हणाली, "फोन जवळ ठेवत जा, कुणाच्या हाती देऊ नकोस." समिधा आत भांडी घासत होती. तिला ऐकू गेलं. ती भांडी घासत राहिली.

दुपारी घर शांत झालं तेव्हा गौराबाई स्वतःच आत आल्या आणि चटईवर बसल्या. फोन पुढे केला. "साफ करायचं म्हणालीस न? कर. पर मला वाचून दाखव."

समिधाला खरं तर थोडं आडवं व्हायचं होतं. आठवड्यात तेवढीच एक दुपार मिळायची. तरी ती सासूजवळ बसली. गौराबाईंनी पुन्हा पॅटर्न काढला आणि ती एकेक वाचायला लागली. हे चालू आहे, हे ठेवू. हे बंद पडलंय, काढू का? गौराबाई मान हलवायच्या, मग ती डिलीट दाबायची. फोन दरवेळी विचारायचा, नक्की काढायचं का, आणि दरवेळी गौराबाई म्हणायच्या, "हो म्हण." पेन्शनचे चुकीचे सगळे काढले. नवा पासवर्ड दोघींनी मिळून टाकला, आणि फोनने लक्षात ठेवू का विचारलं तेव्हा समिधाने सासूच्याच बोटाने 'हो' दाबलं. हयातीच्या दाखल्याचं पान उघडलं.

"उघडलं," गौराबाई म्हणाल्या. आनंद झाल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

"समिधा."

"काय आई?"

"ते सगळं मीच केलंय न गं?"

खोटं बोलायची ताकद समिधात उरली नव्हती, आणि खरं बोलायचीही. "हो," ती म्हणाली.

"हर्षलापुढं का नाय बोललीस?"

"बोलून काय झालं असतं?"

"तुझ्यावरचं नाव गेलं असतं."

"आणि तुमच्यावर आलं असतं."

गौराबाईंनी भिंतीला पाठ टेकली. "मी माणसं बघितलीत अशी. एक म्हातारी होती वाडीवर. मला रोज विचारायची, तू कोणाची गं. मी घरच्यांना सांगायचे, रागवू नका तिला, हा आजार हाय. दुसऱ्याला सांगायला काय जातंय. स्वतःचं येतं तेव्हा वाटतं, बाकीचेच चोर हाईत." मग बाईमाणसाला पथ्य सांगावं तशा कामाच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरकडं जायचं. लवकर गेलेलं बरं असतं. आणि या फोनात तुझं बोट घाल."

"माझं?"

"माझं बोट तो ओळखत नाय. उद्या हातही विसरेल. मग काय करशील? घाल तुझं. माझ्या डोक्यात हाय तोवर मीच सांगते, नायतर पुन्हा तुलाच चोर म्हणेन."

समिधाने सेटिंग उघडली. फोन म्हणाला, बोट ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. तिचं बोट ठेवताना गौराबाई बारीक नजरेने बघत होत्या, एखाद्या नवशिक्या नर्सने सुई धरलेली बघावी तशा. पडद्यावरचा गोल भरत गेला. झालं, असं आलं तेव्हा समिधाला रडू फुटेल असं वाटलं. आजवर या घरातली सगळी कामं न विचारता तिच्याकडे आली होती. हे एक कुणीतरी हातात दिलं होतं, आणि सगळ्यांत जड तेच होतं.

संध्याकाळी गौराबाईंनी हर्षलाला स्वतः फोन लावला. स्पीकर लावून, समिधाला समोर बसवून. "मीच बदलत होते पासवर्ड," त्या म्हणाल्या. "मला आठवत नाय, पर मीच. वहिनीला तू काय बोललीस ते मी ऐकलंय. आता डॉक्टरकडं न्यायला तूच ये." पलीकडून हर्षला हुंदके देत म्हणाली, "वहिनी आहे का तिथे?" समिधा म्हणाली, "आहे." किरणने जेवताना ताटावरची नजर वर केली नाही. "मी आधीच बघायला पाहिजे होतं," तो म्हणाला. समिधाने त्याला भात वाढला.

पनवेलला डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. गेलेलं परत येणार नाही, पण जाणं थोडं सावकाश होईल, असं ते म्हणाले. हर्षला सोबत होती. त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली आणि आल्यावर समिधाला बळेच झोपायला पाठवू लागली. समिधा झोपायची. कधी झोप लागायची, कधी आतल्या खोलीत पडून ती मायलेकींचं बोलणं ऐकत राहायची.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. सकाळची घाई होती, कंपनीची बस गाठायची होती, तव्यावर भाकरी होती. गौराबाई फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. कपाळावर आठ्या.

"माझ्या फोनात हे दुसरं बोट कोणाचं हाय? मी कोणाला सांगितलं नव्हतं घालायला."

समिधाने त्यांच्याकडे बघितलं. आवाजात तोच जुना संशय होता, आणि डोळ्यांत ती दुपार कुठेच नव्हती. बस चुकणार, हे तिला कळलं. तिने गॅस बारीक केला, त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.